ड्रोन शंभर वर्षांचा आहे, मग बागेवर गोल गोल का फिरला?

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांनी विचारलंय: "परवा फवारणीला आणलेला ड्रोन बागेच्या मध्यावर गेला आणि गोल गोल फिरायला लागला. फेरा मोठा होत गेला आणि शेवटी बांधावरच्या बाभळीत जाऊन अडकला. ऑपरेटर म्हणाला, सॅटेलाइट गेलं. कॉलेजला असलेला माझा मुलगा म्हणतो, बिनमाणसाच्या विमानाला शंभर वर्षं होऊन गेली. मला तर हे दहा-बारा वर्षांतलं चिनी खेळणं वाटतं. एवढं जुनं असेल तर अजून इतकं कच्चं कसं?"

मुलगा खरं सांगतोय. तुमचंही अर्धं बरोबर आहे. चुकलाय तो ऑपरेटर. सॅटेलाइट गेलं असतं तर ड्रोन वाऱ्याबरोबर एका बाजूला सरकत गेला असता. गोल फिरून फेरा वाढवत नेण्याचं कारण दुसरं असतं, आणि ते नीट कळायला तुमच्या मुलाने सांगितलेल्या शंभर वर्षांतून एक चक्कर मारावी लागेल. जरा लांबण लागेल, पण बाभळीपर्यंत परत येतो.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी ओझरच्या टाउनशिपमध्ये वाढलो. वडील मिगच्या कारखान्यात फिटर होते. शाळेत असताना बाल्सा लाकडाची विमानं करायचो, एरंडेलाचा वास येणारी छोटी इंजिनं त्यांना लावायचो. आता ड्रोन दुरुस्ती आणि पायलटांना शिकवणं हेच पोट आहे, आणि हंगामात फवारणीही करतो. वडिलांचं एक म्हणणं होतं की विमान उडवणं इंजिन आणि पंखांचं काम, पायलट तिथे वेगळ्याच कामाला बसलेला असतो. ते तेव्हा कळलं नव्हतं.

पायलट तीन कामं करतो. विमानाचा तोल सांभाळतो. आपण कुठे आहोत आणि तोंड कोणत्या दिशेला आहे हे ओळखतो. आणि खालून आलेला हुकूम ऐकून त्याप्रमाणे वळतो. माणूस खाली उतरवायचा म्हणजे ही तिन्ही कामं कुणाच्या तरी गळ्यात घालायची. शंभर वर्षं त्यातच गेली, आणि तिन्ही कामं एकाच वेळी सुटली नाहीत. एक सुटलं की दुसरं अडायचं.

यातलं एकही काम न सोडवता काय होतं ते ऑस्ट्रियाच्या सैन्याने १८४९ साली दाखवून दिलं. व्हेनिसला वेढा पडला होता, तेव्हा त्यांनी बॉम्ब बांधलेले बिनमाणसाचे फुगे शहरावर सोडले. वारा फिरला आणि काही फुगे त्यांच्याच दिशेला परत आले. पुष्कळ जण ड्रोनचा इतिहास इथून सुरू करतात. मी करत नाही. वाऱ्यावर सोडलेल्या वस्तूला विमान म्हणायचं तर संक्रांतीला कटलेला पतंगही विमानच.

खरी सुरुवात भोवऱ्यापासून आहे. भोवरा जोरात फिरत असेल तर त्याला तिरका करायला गेलात तरी तो आपला आस सोडत नाही. अमेरिकेत एल्मर स्पेरी यांनी याच गुणावर जहाजांसाठी यंत्रं केली होती. त्यांचा मुलगा लॉरेन्स याने तो भोवरा, म्हणजे जायरो, विमानात बसवला आणि १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर त्याचं प्रात्यक्षिक दिलं. लॉरेन्स विमानात बसून दोन्ही हात वर करून दाखवतोय आणि त्याचा मेकॅनिक एमिल काशां उडत्या विमानाच्या पंखावर चालत बाहेर गेलाय. एका बाजूला माणसाचं वजन आलं की विमान कलायला पाहिजे. ते किंचित कललं आणि आपलं आपण सरळ झालं. पुढच्या फेरीला दोघेही पंखांवर, विमानाच्या खुर्चीत कुणीच नाही. नदीकाठची माणसं बघतच राहिली असणार. माझ्या लेखी ड्रोन जन्माला आला तो त्या दिवशी. पहिलं काम, तोल, माणसाच्या हातून सुटलं.

मग पहिलं महायुद्ध सुरू होतं म्हटल्यावर त्या भोवऱ्याला कामाला लावणारच. अमेरिकेत डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी १९१८ साली लाकूड आणि पुठ्ठ्याचं एक छोटं दोन मजली पंखांचं विमान केलं. 'केटरिंग बग' हे त्याचं नाव. ऑर्विल राइट सल्ल्याला होते. रुळावरच्या ट्रॉलीवरून ते सुटायचं, जायरो दिशा धरायचा, हवेचा दाब मोजणारी डबी उंची सांभाळायची. पोचायची जागा कशी कळायची? इंजिनाचे फेरे मोजून. निघण्यापूर्वी अंतर आणि वारा धरून हिशोब करायचा, इतके फेरे झाले की काम झालं. तेवढे फेरे भरले की इंजिन बंद, पंखांचे बोल्ट आत ओढले जायचे, पंख गळून पडायचे आणि सुमारे ८० किलो स्फोटकं घेऊन धड खाली. पल्ला सुमारे १२० किलोमीटर. कागदावर झकास. चाचण्यांमध्ये मात्र बरेचदा पडलं, आणि एकदा तर शहरावर घिरट्या घालत भरकटून भलतीकडे जाऊन आदळलं. युद्ध संपेपर्यंत ते वापरात आलंच नाही. घिरट्या घालत भरकटलं हे जरा लक्षात ठेवा.

तिसरं काम, हुकूम ऐकण्याचं, त्याची गोष्ट समांतर चालली होती. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कला पाण्याच्या हौदात रेडिओवर चालणारी बोट दाखवली. १९१७ साली इंग्लंडमध्ये आर्चिबाल्ड लो यांनी रेडिओवर चालणारं छोटं विमान उडवून पाहिलं, फार वेळ टिकलं नाही. ते जमायला १९३५ उजाडलं. इंग्रजांना तोफांच्या सरावासाठी निशाण हवं होतं, तर त्यांनी टायगर मॉथ जातीच्या विमानातून माणूस काढून रेडिओ बसवला. खाली बसलेला माणूस जुन्या टेलिफोनसारखी तबकडी फिरवून हुकूम द्यायचा. त्या विमानाचं नाव 'क्वीन बी', राणी माशी. अमेरिकन नौदलाने तसंच काही करायला घेतलं तेव्हा राणी माशीच्या मानार्थ 'ड्रोन', म्हणजे नर माशी, हे नाव पडलं असं मानतात. मधमाशीपालन करणारे आमचे एक मित्र यावर नेहमी हसतात, कारण पोळ्यात नर काहीच काम करत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत असली निशाणाची विमानं हजारोंनी निघाली. रेडिओप्लेन नावाच्या कारखान्यात. तो काढणारा रेजिनाल्ड डेनी हा मूळचा सिनेनट आणि छंदाने विमानांची मॉडेलं करणारा. १९४४-४५ च्या सुमारास तिथे काम करणाऱ्या एका मुलीचे फोटो एका लष्करी छायाचित्रकाराने काढले आणि तिथून तिचं नशीब पालटलं. ती पुढे मेरिलिन मन्रो झाली. वर्गात हे सांगितलं की शेवटच्या बाकावरचेही जागे होतात.

हुकूम ऐकण्याच्या बाबतीत एक अडचण फार काळ टिकली, ती मी स्वतः भोगली आहे. आमच्या रिमोटमध्ये क्रिस्टल असायचा, एका ठरावीक फ्रिक्वेन्सीचा. मैदानावर दोघांचा क्रिस्टल एकच निघाला तर एकाने रिमोट चालू करताच दुसऱ्याचं विमान खाली. म्हणून एका फळीवर कपड्यांचे चिमटे लावलेले असायचे, प्रत्येकावर फ्रिक्वेन्सीचा आकडा. ज्याच्या हातात चिमटा त्यानेच रिमोट चालू करायचा. एका रविवारी एक पाहुणा चिमटा न घेता बटण दाबून बसला आणि माझं तीन महिन्यांचं काम हरभऱ्याच्या शेतात गेलं. २००५ च्या आसपास २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आले, रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखायला लागले, आणि चिमट्यांची फळी अडगळीत गेली. आज एका शिवारात चार ड्रोन एकदम उडतात, कुणाला त्याचं कौतुकही वाटत नाही.

राहिलं दुसरं काम. आपण कुठे आहोत आणि तोंड कुठे आहे. हे सगळ्यात चिवट निघालं, आणि तुमचा ड्रोन याच्यातच फसला.

जर्मनीचं व्ही-१ हे १९४४ च्या जूनपासून लंडनवर पडायला लागलेलं बिनमाणसाचं विमान. तोल जायरोकडे, अंतर मोजायला नाकावर एक बारकासा पंखा, हवेत तो किती फिरला यावर अंतर ठरायचं. आणि दिशेसाठी चुंबकाचं होकायंत्र. आता होकायंत्राचा शत्रू म्हणजे लोखंड. जर्मनांना हे इतकं पक्कं माहीत होतं की सोडण्याच्या तळावर त्यांनी होकायंत्र लावून घ्यायला खास एक इमारत बांधली, जिच्यात लोखंडाचा अंशही येऊ दिला नाही. विमान तिथे नेऊन, लक्ष्याच्या दिशेला तोंड करून, मगच होकायंत्र पक्कं करायचे. ८० वर्षांपूर्वी, युद्धाच्या धामधुमीत, एका होकायंत्रासाठी एवढी काळजी. आणि आपण? पिकअपच्या हौद्यावर ड्रोन ठेवून कंपास कॅलिब्रेट करतो, म्हणजे त्याचं होकायंत्र लावून घेतो. मीसुद्धा केलंय, पुढे सांगतो.

त्यानंतरचा लष्करी भाग भरभर उरकतो, कारण तो सगळीकडे वाचायला मिळतो. १ मे १९६० ला सोव्हिएत हद्दीत अमेरिकेचं यू-२ पाडलं गेलं, पायलट गॅरी पॉवर्स जिवंत सापडला, आणि पकडला जाणारा पायलटच नको म्हणून निशाणाच्या फायरबी विमानांना कॅमेरे बसले. व्हिएतनाम युद्धात अशी ३,४०० च्या वर उड्डाणं झाली. मोठ्या विमानाच्या पंखाखालून सोडायचे आणि परतताना पॅराशूटवर आलेलं ड्रोन हेलिकॉप्टरने हवेतल्या हवेत झेलायचे. १९८२ साली लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्राएलने छोटी ड्रोन वापरून सीरियाच्या क्षेपणास्त्रांचे ठावठिकाणे काढले, तेव्हा जगाचे डोळे उघडले. बगदादला जन्मलेले आणि इस्राएलहून अमेरिकेत गेलेले अब्राहम करीम यांनी गॅरेजमध्ये तासन्‌तास हवेत राहणारं विमान करायला घेतलं. त्याच वंशातून प्रीडेटर आलं. १९९४ ला ते पहिल्यांदा उडालं, पुढच्या वर्षी बोस्नियावर गेलं आणि २००१ ला त्याच्याखाली क्षेपणास्त्रं लागली. त्यानंतरच्या गोष्टी बातम्यांत आहेतच. मला त्यातली एकच मजेदार वाटते. १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतच्या फैलका बेटावर काही इराकी सैनिकांनी पांढरी फडकी हलवत शरणागती पत्करली, ती डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या एका ड्रोनला. ड्रोनने ती स्वीकारली की नाही कोण जाणे.

आपल्याकडे बंगळुरूच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने 'लक्ष्य' हे निशाणाचं विमान आणि 'निशांत' हे टेहळणीचं विमान केलं. निशांत गाडीवरच्या गोफणीसारख्या यंत्रातून सुटायचं आणि पॅराशूटने उतरायचं. लष्कराने घेतलेली निशांतं पडली आणि ती योजना संपली. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, केटरिंगचीही पडलीच होती. नाशिककरांना या इतिहासाचं वेगळं अगत्य असायला हवं. लष्कराची ड्रोन आधी तोफखान्याकडे होती, आणि तोफखान्याची शाळा आपल्या देवळालीला. २०२१ साली ती आर्मी एव्हिएशनकडे गेली, तर त्यांचीही प्रशिक्षण शाळा इथेच, गांधीनगरला. म्हणजे ड्रोनचं खातं बदललं तरी पत्ता नाशिकचाच राहिला.

आता शेतीकडे. शेतात बिनमाणसाचं विमान पहिल्यांदा नीट आणलं ते जपानने, आणि ते चार पंख्यांचं नव्हतं. १९८३ साली तिथल्या शेतीखात्याने यामाहाला भातावर फवारणी करणारं यंत्र करायला सांगितलं. १९८७ साली आर-५० नावाचं पेट्रोलवर चालणारं, रिमोटचं, वीस किलो वजन उचलणारं हेलिकॉप्टर तयार झालं. जपानमध्ये भाताची खाचरं बारकी, शेतकरी म्हातारे होत चाललेले, चिखलात पंप पाठीवर घेऊन कोण उतरणार? आपल्या इगतपुरी-त्र्यंबकच्या भातखाचरांसारखीच ही गोष्ट. पण ते हेलिकॉप्टर उडवायला शिकणं महाकर्मकठीण आणि किंमत आपल्या आवाक्याबाहेर. म्हणून ते जपानच्या आसपासच राहिलं.

मग चार-सहा पंख्यांचा हा आजचा प्रकार कुठून आला? गंमत अशी की तोही जुनाच. १९२२ साली जॉर्ज द बोथेझाट यांनी चार मोठ्या पंख्यांचं माणूस बसणारं हेलिकॉप्टर उडवलं, तेही केटरिंगच्याच डेटन गावात. फ्रान्समध्ये एतिएन ओमिशां यांनी १९२४ साली तसल्याच यंत्रावर एक किलोमीटरची फेरी पुरी केली. पण पुढे कुणी नेलं नाही. कारण साधं आहे. चार पंख्यांचं यंत्र स्वतःहून कधीच तोलात राहत नाही. चारही पंख्यांचा वेग सेकंदाला शेकडो वेळा कमीजास्त करावा लागतो. माणसाच्या हाताला ते शक्यच नाही. भोवऱ्याचे जायरो होते, पण ते नारळाएवढे जड. चार पंख्यांना हवा होता मिठाच्या खड्याएवढा जायरो.

तो मिळाला मोबाइलवाल्यांच्या आणि गेमवाल्यांच्या कृपेने. या चिपमध्ये काही फिरत नाही. सिलिकॉनची एक सूक्ष्म पट्टी सतत थरथरत असते. चिप वळवली की पट्टीची थरथर वाकडी होते, तेवढा वाकडेपणा मोजायचा. मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं, तेही अशाच एका चुलतभाऊ चिपमुळे. लाखोंनी बनायला लागल्यावर त्यांची किंमत पडली. २०१० च्या सुमारास निन्टेंडोच्या खेळाच्या रिमोटमधला जायरो काढून ड्रोन उडवायचा एक फुकट प्रोग्रॅम नेटवर फिरत होता. मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन तो रिमोट आणला आणि कटरने फोडला. बायको बघत होती, म्हणाली, नवा आणून फोडायचा होता तर आणला कशाला? त्यातून काढलेली नखाएवढी पट्टी अॅल्युमिनियमच्या चौकटीवर दुहेरी टेपने चिकटवली. घराच्या गच्चीवर ते यंत्र चार सेकंद हवेत थरथरत उभं राहिलं आणि पाण्याच्या टाकीवर आपटलं. चार सेकंद, पण हात न लावता तोलात होतं.

त्याच वेळी बाकीच्या गोष्टीही जुळत होत्या. हलक्या लिथियम बॅटऱ्या, कार्बन ब्रश नसलेल्या मोटरी. आणि त्याआधी, मे २००० मध्ये, अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली होती. तोवर शंभरेक मीटरपर्यंत चूक यायची, म्हणजे द्राक्षाचं औषध शेजाऱ्याच्या कांद्यावर. २०१० ला फ्रान्सच्या पॅरट कंपनीचा, मोबाइलवरून उडणारा ड्रोन आला, २०१३ ला चीनच्या डीजेआयचा फँटम. खोक्यातून काढा आणि उडवा. तुम्ही 'चिनी खेळणं' म्हणता ते इथून. म्हणजे ज्ञान शंभर वर्षांचं, स्वस्त आणि बारीक होणं गेल्या पंधरा वर्षांतलं. तुम्ही बापलेक दोघेही जिंकलात.

आपल्याकडे शेतीत यायला आणखी उशीर लागला, तो तंत्रामुळे नाही. ऑक्टोबर २०१४ ला नागरी विमान महासंचालनालयाने नागरी ड्रोनवर बंदी घातली. डिसेंबर २०१८ पासून परवानगी, पण कागदपत्रांचा एवढा डोंगर की कुणी वाटेला जाईना. २०२० ला टोळधाड आली, तेव्हा राजस्थानात ड्रोनने फवारणी करावी लागली आणि सरकारलाच गरज कळली. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५ फॉर्मचे ५ केले. फवारणीचे बहुतेक ड्रोन भरलेल्या टाकीसकट २५ किलोच्या आत ठेवतात ते या नियमांतल्या वर्गवारीमुळेच, त्याच्यावर गेलं की मधल्या वर्गात जातं आणि सोपस्कार वाढतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांवर नाही. म्हणून आजच्या देशी ड्रोनची चौकट इथली आणि आतली बरीच आतडी अजून बाहेरची असतात. मोटर जळली की हे कळतं, कारण पार्ट यायला तीन आठवडे लागतात आणि बागेतली डाऊनी, म्हणजे केवडा रोग, तीन दिवसही थांबत नाही.

आता तुमची बाभळ.

ड्रोनला जीपीएसवरून कळतं की मी कुठे आहे. पण जागेवर उभा असलेला ड्रोन तोंड कुठे करून आहे, हे साधं जीपीएस सांगू शकत नाही. ते सांगतो कंपास, म्हणजे व्ही-१ मधलंच होकायंत्र, आता चिपमध्ये बसलेलं. समजा वाऱ्याने ड्रोन पूर्वेला एक मीटर सरकला. जीपीएस सांगतं, पश्चिमेला एक मीटर ये. कंपास ४०-५० अंश चुकीचा असेल तर ड्रोन पश्चिम समजून वायव्येला जातो. आता चूक वेगळ्या दिशेला झाली, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा तिरकी. या तिरक्या दुरुस्त्या एकापुढे एक जोडल्या की गोल होतो. चूक मोठी असेल आणि ड्रोन जोर लावून दुरुस्त करत असेल तर फेरा वाढतच जातो. सॅटेलाइट सगळे हजर असतात, उलट जीपीएस चालू आहे म्हणूनच तो गोल फिरतो. अशा वेळी ऑपरेटरने जीपीएसचा मोड बंद करून हाताने उडवायला हवा, मग तो लगेच शांत होतो. तुमचा ऑपरेटर घाबरला असणार आणि तो मोड त्याच्या बोटांना सवयीचा नसणार. हे मी दोष म्हणून लिहीत नाही, पहिल्यांदा सगळ्यांचं हेच होतं.

माझं झालं होतं पालखेडच्या कालव्याजवळ, चार वर्षांपूर्वी. सकाळी सहाला पोचलो, दव होतं, खाली चिखल, म्हणून पिकअपच्या हौद्यावरच ड्रोन फिरवून फिरवून कंपास लावला. स्क्रीनवर हिरवा टिक आला. यंत्राला काय, पिकअपचं पोलाद हीच उत्तर दिशा असं त्याने खुशाल मानून घेतलं. शेतात नेऊन उडवला तेव्हा आजूबाजूला पोलाद नव्हतं, आणि हिशोब चुकला. सुदैवाने टाकी रिकामी होती आणि मी मोड बदलू शकलो. पण त्याआधी त्याने दोन फेरे मारले आणि शेतमालक शेतातल्या खोलीत जाऊन दार लावून बसले.

द्राक्षबागेत हा धोका बाकी पिकांपेक्षा जास्त आहे. सगळी बाग लोखंडी अँगलवर आणि तारांवर उभी. ओळीच्या तोंडाशी, अँगलपासून फुटभरावर ड्रोन ठेवून कंपास लावला तरी तेच. विहिरीच्या मोटारीची जाड केबल, जमिनीखालचा लोखंडी पाइप, ट्रॅक्टर, जनरेटर, खिशातला मोबाइलसुद्धा. काही नव्या ड्रोनमध्ये दोन जीपीएस अँटेना अंतरावर बसवून त्यांच्यातल्या फरकावरून दिशा काढतात, तिथे कंपासवर भार राहत नाही. बागेसाठी ड्रोन घ्यायचा विचार असेल तर टाकी किती लिटरची हे नंतर विचारा, दोन अँटेना आहेत का ते आधी.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. सोयाबीन, मका, ऊस, भात यांना ड्रोन उत्तम. द्राक्षाला मी स्वतः जपून वापरतो. ट्रॅक्टरचा ब्लोअर पानांच्या खालून, आतून औषध मारतो आणि एकराला शेकडो लिटर पाणी सोडतो. ड्रोन दहा लिटरमध्ये एकर उरकतो, वरून. मांडवाच्या छतावर औषध चांगलं बसतं, घडापर्यंत किती पोचलं हे थेंब पडला की रंग बदलणाऱ्या पाणीसंवेदी कागदाचे तुकडे आत लावून बघितलं तर मन खट्टू होतं. पण ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, काळ्या रानात ट्रॅक्टर रुतायला लागला आणि डाऊनी समोर दिसतेय, तेव्हा ड्रोनला पर्याय नाही. त्या दोन दिवसांसाठी तो सोन्याचा. ओझर विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग आपल्या जवळ आहे, तेव्हा सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोनच्या संकेतस्थळावरच्या नकाशात आपलं शिवार कोणत्या रंगात येतं ते ऑपरेटरने आधी दाखवलं पाहिजे. त्याच्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे का हेही विचारा, लाजू नका.

मुलाला या धंद्यात रस दिसतोय. अठरा पूर्ण असतील आणि दहावी झाली असेल तर प्रमाणपत्राचा कोर्स करता येतो, थोड्या दिवसांचा आहे. पण रिमोट फिरवणं म्हणजे काम आलं असं नाही. दुरुस्ती आणि लॉग, म्हणजे ड्रोनने स्वतः ठेवलेली उड्डाणाची नोंद, वाचणं शिकला तर पोट भरेल. एक गोष्ट त्याला सांगा, त्याला आवडेल. माझं पहिलं विमान दोन तारांना बांधलेलं होतं, तारा हातात धरून आपणच गोल फिरायचो. आता युक्रेनच्या युद्धात रेडिओ जाम होतो म्हणून कित्येक किलोमीटर लांब काचतंतूची दोरी सोडत जाणारे ड्रोन आलेत. शंभर वर्षांनी परत तार.

बाभळीतून काढलेला ड्रोन अजून ऑपरेटरकडे तसाच असेल तर त्याला मेमरी कार्ड पुसू देऊ नका. लॉगमध्ये कंपासने सांगितलेली दिशा आणि ड्रोन प्रत्यक्ष सरकला ती दिशा या दोन्ही रेघा शेजारी शेजारी दिसतात. नुकसानभरपाईचं बोलणं त्या दोन रेघा बघून करा. आणि त्याला एवढंच विचारा: सकाळी कंपास लावलास, तेव्हा गाडी किती लांब उभी होती?